आत्याचं चौथं प्रकरण

माझी आत्या डॉक्टर होणार, असं आजोबा गल्लीभर सांगत सुटले होते. मग लोक आपापले गुडघे घेऊन आमच्या दारात यायचे. आत्या त्यांना समजवायची, "अहो, मी तसली डॉक्टर नाही होणार. मी प्रबंध लिहून डॉक्टर होणार." लोक म्हणायचे, "असू दे हो, पण गुडघ्याचं सांगा." मग ती गुडघ्याचं सांगायची. बावीस वर्षं नर्स आहे ती, गुडघ्याचं तिला काय कमी माहीत असणार?

तिच्या प्रबंधाचं नाव होतं 'दीर्घकालीन आजारातील कौटुंबिक शुश्रूषा आणि काळजीवाहकांवरील ताण'. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे हे नाव मी निदान पाचशे वेळा छापलंय, आणि अजूनही मला ते एका दमात म्हणता येत नाही. मी नववीत शाळा सोडली म्हणून नाही. आत्यालाही मध्ये श्वास घ्यावा लागतो.

सरळ सांगायचं तर असं. घरात एखादं माणूस आजारी पडलं आणि आजार काही जायचं नाव घेत नाही, म्हणजे शुगर, किडनी, लकवा असलं काही, तर घरातल्या बाकीच्यांचं काय होतं? उठतं कोण, टाळतं कोण, चिडतं कोण, नोकरी कोणाची सुटते? दवाखान्यात पेशंटच्या नावाची फाईल असते. त्याला उठवणाऱ्या, बसवणाऱ्या, धुणाऱ्या बायकोच्या नावाचा साधा कागद कुठे नसतो. आत्याला तो कागद तयार करायचा होता. एवढंच. पण एवढ्याला आठ वर्षं लागली. सकाळी ड्युटी, दुपारी लोकांची घरं, मग घरी येऊन टायपिंग. लग्नाचं विचारलं की म्हणायची, सबमिशन झाल्यावर बघू. पुढे पुढे लग्नाचं कोणी विचारेना, आणि सबमिशनचंही.

काम कसं चालायचं ते सांगते. बारा घरं निवडली होती. प्रत्येक घरी दर महिन्याला एक वही. त्या वह्या मीच शिवायचे. एका दिवसाला एक पान: औषध कोणी दिलं, किती वाजता दिलं, आजारी माणसाचा मूड कसा होता, तुमचा कसा होता, आज काय अडचण आली. खाली सही. महिना संपला की आम्ही दोघी माझ्या स्कूटरवर जायचो, वही घ्यायचो, नवी द्यायचो. मग आत्या वाचून पन्नासपैकी मार्क द्यायची.

आणि मुलाखती. वॉर्डात आत्या पेशंटशी अगदी मोकळी बोलते, पण मुलाखत घ्यायला बसली की तिच्या अंगात कोणीतरी सरकारी माणूस शिरतो.

"काळजी घेताना आपल्याला कोणत्या स्वरूपाचा भावनिक ताण जाणवतो?"

समोरची बाई नवऱ्याकडे बघायची. नवरा पंख्याकडे बघायचा. "ताण? छे हो. काहीच नाही."

एकदा मला राहवेना. मी विचारलं, "पण वैताग कधी येतो?" तर ती बाई नणंदेवर दीड तास बोलली. पाणी प्यायलाही थांबली नाही.

परत येताना आत्या मागून म्हणाली, "असं विचारायचं नसतं. तू त्यांच्या तोंडात उत्तर घातलंस."

"पण उत्तर आलं की."

"तू पुढे बघ, रिक्षा आहे."

बारा घरांतलं तिचं लाडकं घर म्हणजे टेलरमास्तरांचं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तीन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं हळू झालं, शब्द थांबत थांबत येतात; पण टोमण्यांची धार तेवढीच राहिली.

मास्तरांचा हात फार चांगला आणि शब्द फार वाईट. दिलेल्या तारखेला कपडा मिळाला असा माणूस मला अजून भेटायचाय. एका गृहस्थांनी रिटायर होतानाच्या समारंभासाठी कोट टाकला होता. तो त्यांना नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला मिळाला, आणि रिटायर झाले तेव्हा मुलगा बिनलग्नाचा होता. मुलांचे युनिफॉर्म पुढच्या इयत्तेत मिळतात, म्हणून आया मापच एक वर्ष मोठं द्यायला लागल्या.

पण वही! मास्तरांच्या वहीसारखी वही नव्हती. एक दिवस कोरा नाही, एक सही चुकलेली नाही. आणि अक्षर असं की खडूने कापडावर आखलंय. 'दुपारी चार वाजता हिला खुर्चीत बसवून दारात नेलं. ऊन कोवळं होतं. हिचा मूड चांगला. माझाही.' आत्या हे वाचून पदराने चष्मा पुसायची. तिने मास्तरांना पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क दिले. दोन कापले ते लोक काय म्हणतील म्हणून. आणि प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण त्यांच्यावर लिहिलं: 'आदर्श कौटुंबिक शुश्रूषा'. तिच्या गाईडबाई आठ वर्षांत एकदाही बरं बोलल्या नव्हत्या. त्यांनी त्या प्रकरणाच्या समासात 'छान' लिहिलं. आत्याने मला त्या पानाची कलर झेरॉक्स काढायला लावली.

सबमिशनची शेवटची तारीख होती तीस, संध्याकाळी पाच. तीनदा मुदत वाढवून झाली होती. विद्यापीठाच्या क्लार्कने सांगितलं, चौथ्यांदा वाढत नाही, नोंदणी रद्द होते. म्हणजे आठ वर्षं पाण्यात. पण चिंता नव्हती. सगळं लिहून झालं होतं, फक्त मास्तरांची एका फॉर्मवर सही राहिली होती. ती घ्यायला आम्ही बारा तारखेला गेलो.

मास्तर एका गिऱ्हाइकाला वाटेला लावत होते. "शुक्रवारी. शुक्रवारी नक्की."

"मागच्या वेळीही शुक्रवारच म्हणाला होतात."

"मग? शब्द फिरवला का मी?"

गिऱ्हाईक डोक्याला हात लावून गेलं. आत्या फॉर्म काढत होती. मी पडद्याआड काकूंना हाक मारून आले आणि कात्रीशेजारी खिळ्याला लटकलेली वही सहज चाळायला घेतली. मला रिकामं बसवत नाही.

'सव्वीस तारीख. हिला जराशी चक्कर आली. साखरपाणी दिलं. दहा मिनिटांत बरं वाटलं.'

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. बारा. मोबाईल बघितला. बारा. वाटलं मागच्या महिन्याची वही असेल, पण ती तर आमच्या घरी फाईलमध्ये होती. पुढचं पान उलटलं. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. सगळं भरलेलं. खाली सह्या.

"मास्तर," मी म्हटलं, "सव्वीस तारखेला काकूंना चक्कर आली?"

"अजून कुठे," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले.

आत्याने मान वर केली. "अजून कुठे म्हणजे?"

"म्हणजे सव्वीसला येईल. त्याचं असं आहे सिस्टर, महिनाअखेरीला युनिफॉर्मची कामं अंगावर येतात, लिहायला होत नाही. तुमचा खोळंबा नको, म्हणून मी एक तारखेलाच बसून महिना लिहून टाकतो. सहीसकट."

"दर महिन्याला?"

"पहिल्या वहीपासून!" मास्तरांची छाती फुगली. "एकदा तरी उशीर झाला का तुम्हाला?"

पडद्यामागून काकूंचं हसू आलं. आत्या पडदा सारून आत गेली, मी मागोमाग. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या.

"चक्कर... जमेल मला," काकू म्हणाल्या. "पण अठराला रडायचं लिहिलंय. अठराला... माझी बहीण येतेय. तिच्यासमोर रडले तर... राहायलाच थांबेल ती."

"रडायचं लिहिलंय?" आत्याचा आवाज फाटला.

"महिन्यातून दोनदा. यांना वाटतं... बाईमाणूस तेवढं रडतंच."

मास्तर मापाची टेप गळ्यात घालून दारात उभे. त्यांना अजून कळत नव्हतं की बिघडलंय काय. "आमच्या धंद्यात असंच असतं सिस्टर. आधी पावतीपुस्तकात तारीख लिहायची, मग त्या तारखेच्या मागे पळायचं."

"पण तुम्ही कधी तारीख पाळता?" मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाची नाही पाळत. हिची पाळतो." मास्तरांनी असं सांगितलं की जसं काय कापडाचा पन्हा सांगतायत. "सकाळी उठलो की वही बघतो. आज काय लिहिलंय? चार वाजता दारात नेलं. मग चारला मशीन बंद. सही केलीय ना मी, करायलाच लागतं."

"खरंय ते," काकू म्हणाल्या. "परवा धो धो पाऊस. तरी नेलं दारात... छत्री धरून. वहीत ऊन लिहिलं होतं."

मला इतकं हसू आलं की मी पडदा तोंडात धरला. आत्या हसली नाही. ती बाहेर येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. फॉर्म तसाच हातात.

तिचं दुःख कळायला वॉर्डातला एक नियम माहीत पाहिजे. औषध दिल्याशिवाय चार्टवर सही करायची नाही. एक मिनिट आधीही नाही. एका शिकाऊ नर्सने सहाच्या गोळीची सही साडेपाचला केली म्हणून आत्याने तिला रडेपर्यंत झापलं होतं, आणि मग बसवून चहा पाजला होता. आता तिचं सगळ्यात चांगलं प्रकरण सहा महिन्यांच्या आगाऊ सह्यांवर उभं होतं.

स्कूटरपाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "हे बघ, कोणाला कळणार आहे? तुला माहीत, मला माहीत. मी तोंड उघडलं तर माझी जीभ स्टेपल कर. आणि मास्तर तर स्वतःचं वयसुद्धा खरं सांगायचे नाहीत."

"अठ्ठेचाळीस मार्क दिले मी त्यांना."

"मग? माणूस रोज चारला मशीन बंद करतो. पन्नास दे त्याला."

"ते मला माहीत नव्हतं तेव्हा दिलेत." तिने हेल्मेट घातलं, पट्टा लावला, पुन्हा काढला. "मी त्या घरी सहा महिने जातेय आणि मला ते आज कळलं. तेही तुझ्या चोंबडेपणामुळे."

मी किक मारली.

घरी आलो तर आमच्या फ्रीजवर आजोबांच्या शुगरचा चार्ट. सहा वर्षांचा. रकाने आत्याने पट्टीने आखलेले, आकडे आईने भरलेले. आजोबांचं सगळं आई बघते: बोटाला टोचून शुगर बघणं, गोळ्या, पायाच्या जखमा, लपवलेली बिस्किटं शोधणं. त्या चार्टचा फोटो आत्या शिकाऊ नर्सना दाखवायची, घर असं पाहिजे म्हणून. त्या दिवशी ती चार्टसमोर पाच मिनिटं उभी राहिली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, खरं सांग. हे रोज बघून लिहितेस?"

आईने एक घडी घातली. दुसरी घातली. "आठवड्यातून दोनदा बघते. बाकीचे अंदाजाने लिहिते."

"अंदाजाने?"

"एकशे अडतीस, एकशे बेचाळीस. मध्येच एकशे साठ टाकते, खरं वाटावं म्हणून."

"मला विचारून टाकते ती!" आजोबा खुर्चीतून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. ताई, रोज टोचलं की हे दिवसभर तोंड फिरवून बसतात. गोळीला हाक मारली की ऐकू येत नाही. म्हणून आमचं ठरलंय. ज्या दिवशी टोचायचं नाही, त्या दिवशी गोळ्या मुकाट घ्यायच्या. एकही चुकलेली नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आई पहिल्यांदाच थांबली. "तू ड्युटीवरून येतेस, खांद्यावरची बॅगही न ठेवता चार्ट बघतेस. आकडे चांगले असले की हसतेस. दिवसात तेवढंच हसतेस तू. म्हणून चांगले लिहिते."

आजोबा म्हणाले, "म्हणजे आता रोज टोचणार का?"

दुसऱ्या दिवशी आत्याने मला विद्यापीठात सोडायला सांगितलं. गाईडबाईंच्या केबिनचं दार नीट लागत नाही, त्यामुळे बाहेरच्या स्टुलावर बसून मला सगळं ऐकू आलं. मी कान लावला नव्हता. लावायची गरजच नव्हती, बाई एवढ्या ओरडल्या.

"तो डेटा बाद! प्रकरण काढून टाका आणि बाकीचं सबमिट करा."

"मॅडम, बाकीच्या अकरा वह्याही अशाच असल्या तर?"

"हे मी ऐकलं नाही."

"मग पुन्हा सांगते," आत्या म्हणाली. "बाकीच्या अकरा—"

"अहो बाई! सतरा दिवस राहिलेत. सतरा दिवसांत काय करणार तुम्ही?"

"सगळ्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारते. वही कधी भरता?"

"आणि सगळ्याच खोट्या निघाल्या तर? मी काही वाचवू शकणार नाही. नोंदणी रद्द."

"मग होऊ दे रद्द," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज असा आला जसा काय टाचणीच्या टोकावरून. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी गाडी काढली. गाईडबाईंना मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पहिल्याच घरी घोळ झाला. आत्याने विचारलं, "ही वही आपण केव्हा भरता?"

"रोज! शप्पथ, रोज!"

आत्या आभार मानून उठायला लागली. मी म्हटलं, "आमच्या घरी आई शुगरचे आकडे मनाने लिहिते."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग दाराकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली. "खरं सांगू का?"

आत्याने मला त्या दिवशी काही सुनावलं नाही. पुढच्या घरी तिने स्वतःच सुरुवात केली, "माझ्या वहिनीचं काय झालं सांगू..." चौथ्या घरापर्यंत ती ते इतकं रंगवून सांगायला लागली की त्यात आजोबा पलंगाखाली लपले होते. मी म्हटलं, हे कधी झालं? म्हणाली, गप्प बस, डेटा येतोय.

आणि डेटा आला. एका घरी रविवारी बसून अख्खा आठवडा लिहायचे, टीव्ही बघत. एका घरी मुलगा मागच्या महिन्याची वही उतरवून काढायचा, फक्त तारखा बदलून. त्यामुळे त्याच्या बापाला दर नऊ तारखेला खोकला यायचा. एक रिटायर्ड टपाल खात्यातले होते, डायलिसिसवर. ते वही स्वतःच भरायचे. 'पत्नीचा मूड: उत्तम. ताण: नाही.' पत्नीला असली काही वही घरात आहे हेच माहीत नव्हतं. तिने ती तिथेच उभ्याउभ्या वाचली आणि नवऱ्याला म्हणाली, "उत्तम? कधी?"

एका घरची वही फार बारीक झाली होती. आत्याला वाटायचं मीच ती नीट शिवली नाही, आणि मी त्यावरून बोलणी खाल्ली होती. तर ती सून रोज लिहायची. अगदी खरं लिहायची. सासूवर ओरडले, ताट आपटलं, आज वाटलं की बॅग उचलावी आणि निघून जावं. मग तुम्ही वाचाल म्हणून तेवढी पानं फाडायची. "तुम्ही एवढ्या चांगल्या आहात हो सिस्टर," ती म्हणाली. आत्या तिचा हात धरून बसली. मी बाहेर जाऊन स्कूटर पुसली. स्कूटर स्वच्छच होती.

बारा घरांत रोजच्या रोज खरं लिहिणारा आणि ते न फाडता ठेवणारा निघाला एकच. नळजोडणीवाला, थोरल्या भावाला सांभाळणारा. 'गोळी विसरलो. भावाने शिवी दिली. मी पण दिली.' त्याला आत्याने पन्नासपैकी एकवीस दिले होते. आम्हाला दारात बघून तो बिचारा म्हणाला, "वही परत घ्यायला आलात ना? मला माहीतच होतं, मी नापास झालो."

"तुम्ही नाही हो," आत्या म्हणाली. "मी."

अकरा दिवसांत तिने चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. आधीचं सगळं काढलं, मार्कांचा तक्ता काढला, 'छान' गेलं. नवीन नाव, 'नोंदी कोणासाठी?' त्यात तिने सरळ लिहिलं की मी नर्स म्हणून घरात शिरले की लोक माझ्यासाठी लिहितात, खरी काळजी त्या वहीच्या बाहेर चाललेली असते, आणि ती मला दिसली नाही. तीस तारखेला दुपारी आमच्या दुकानातली बाइंडिंग मशीन मी कोणालाच वापरू दिली नाही. मालक ओरडत होता, मी त्याच्याहून जोरात ओरडले. पाचला वीस मिनिटं असताना पाच प्रती क्लार्कच्या टेबलावर आपटल्या. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "एवढी घाई कशाला?"

सात महिन्यांनी तोंडी परीक्षा लागली. ही परीक्षा सगळ्यांसमोर असते, कोणीही येऊन बसावं, कोणीही प्रश्न विचारावा. आई, बाबा, आजोबा, मी, आम्ही सगळे गेलो. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मास्तर काकूंना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले.

समोर दोन परीक्षक. त्यातले बाहेरून आलेले सर बारीक आवाजात बोलायचे आणि प्रत्येक प्रश्नाआधी चष्मा पुसायचे. "म्हणजे तुमच्या वह्या खोट्या निघाल्या, आणि तुम्ही ते स्वतःहून छापलंत?"

"खोट्या नाहीत सर. माझ्यासाठी लिहिलेल्या."

"फरक काय?"

आत्याने पाण्याचा घोट घेतला. "एका घरी नवऱ्याने एक तारखेलाच लिहून ठेवलं, रोज चारला बायकोला दारात नेलं. आणि मग रोज नेलं. नोंद म्हणून ते चूकच आहे. माझ्या वॉर्डात असं कोणी केलं तर मी त्याला सोडणार नाही. पण नोंद बाद केली म्हणजे त्याने नेलंच नाही, असं कसं लिहू?"

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं, कोणाला कळलं का हे आपल्याबद्दल आहे. सरांनी चष्मा पुसला. गाईडबाई छताकडे बघत होत्या. मला वाटलं, झालं, जिंकलो.

"श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय?"

आजोबांचा हात वर गेला, आईने खाली ओढला. आणि मग पलीकडून काकूंचा डावा हात वर गेला.

"बाई," काकू म्हणाल्या. अख्खा हॉल त्यांच्या पुढच्या शब्दासाठी थांबला. "वही... यांनी लिहिली. प्रकरण... तुम्ही लिहिलंत. खुर्चीत मी बसले होते. मला... कोणी विचारलं का? चारला दारात... जायचंय का म्हणून?"

"म्हणजे?" मास्तर उठून उभेच राहिले. "तुला आवडत नव्हतं?"

"चारला... माझी झोपायची वेळ असते."

हॉल फुटला हसून. मास्तर हसले नाहीत, ते खाली बसले. आत्याही हसली नाही. ती काकूंकडे बघत राहिली, हसणारे आपोआप गप्प होईपर्यंत. मी समोरच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. आठ वर्षं. एवढ्या सगळ्यातून बाहेर आलो आणि आता काकूंनी शेवटच्या पाच मिनिटांत...

"नाही विचारलं," आत्या म्हणाली. "बारा घरांत काळजी घेणाऱ्यांनाच विचारलं. ज्याची घेतात त्याला एकालाही नाही. चुकलं माझं, काकू."

सरांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. पंधरा मिनिटं आम्ही जिन्यापाशी. मास्तर आणि काकू सोडून सगळे एकमेकांचं बोलणं अर्ध्यात तोडत होते. पुन्हा आत बोलावलं. सरांनी कागद वाचला: पदवी मंजूर, मात्र दोन महिन्यांत एक प्रकरण जोडायचं. आजारी माणसांची बाजू. निदान एका घरची तरी.

"म्हणजे झाली की नाही झाली?" आजोबांनी जोरात विचारलं.

"झाली," गाईडबाई म्हणाल्या, आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना मी मनात जे जे म्हटलं होतं त्यातलं निम्मं मागे घेतलं.

लोक आत्याला भेटायला पुढे आले, पण आत्या त्यांच्यातून वाट काढत काकूंकडे गेली. एक खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ बसली, पर्समधून मिळेल तो कागद काढला आणि पेनाचं टोपण दाताने उघडलं.

"बोला काकू."

मास्तर चाकाच्या खुर्चीमागे उभे होते, दोन्ही हात दांड्यांवर. काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"आधी... यांना बाहेर पाठवा."

मास्तर दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"अजून लांब."

मग मी त्यांना खाली घेऊन गेले. आम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. मास्तरांनी मापाची टेप खिशातून काढली, गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. दर पाच मिनिटांनी विचारायचे, "किती वेळ लागेल?" मी म्हणायचे, माहीत नाही. एक तास वीस मिनिटं लागली. वरून मधूनच आत्याच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी मास्तर दोन पायऱ्या वर चढून परत खाली यायचे.

शेवटी शिपायाने आणि बाबांनी काकूंची खुर्ची उचलून खाली आणली. मास्तर पुढे धावले. "काय सांगितलंस एवढं?"

"छापून आलं," काकू म्हणाल्या, "की वाचा."